पोचा

आमच्या आजीच्या पितळी तांब्याला एक पोचा होता. तो कधी पडला, कोणाच्या हातून पडला आणि त्यावरून घरात कोण कोणाला काय बोलले, हे सांगताना तिला जो उत्साह येई तो त्या तांब्याच्या किमतीच्या मानाने पुष्कळच अधिक होता. पुढे एकदा दारावर कल्हईवाला आला. तांब्या हातात फिरवून पाहत तो म्हणाला, "आजी, पोचा काढून देऊ?" आजीने क्षणाचाही विचार न करता तांब्या त्याच्यापुढे सरकवला. मला, त्या वेळी सहा-सात वर्षांच्या पोराला, फार वाईट वाटले. ती म्हणाली, "अरे, पोच्यात आतून मळ धरतो." तांब्या गुळगुळीत झाला, आणि गोष्ट ती पूर्वीप्रमाणेच सांगत राहिली. बोटाने दाखवायला मात्र काही उरले नव्हते.

हे सारे आठवायला कारण झाले ते आमच्या मोटारीचे.

मोटार म्हटल्यावर वाचकांनी भलती कल्पना करून घेऊ नये. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही, आणि ज्या तीन-चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत त्यांच्या उत्पन्नात मोटारीचे एक चाकही आले नसते. मोटार वडिलांची. अण्णांचा मानपाडा रस्त्याला एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दिवाळीच्या सुमारास दुकानदारांची कॅलेंडरे, असे काम. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची १९६६ सालची जुनी फियाट अण्णांनी हप्त्याहप्त्याने विकत घेतली. मागच्या सीटवर कागदाची रिमे आणि पुढे आम्ही, अशी तिची आमच्या घरातली कारकीर्द सुरू झाली. पुढची सीट अखंड, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे अण्णा, आई, आजी आणि मी असे चौघेही पुढे मावत असू.

या गाडीचे कुळ आपल्या मुलखातलेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे अकराशेची मोटार तयार होऊ लागली. तिच्या पहिल्यावहिल्या गुबगुबीत अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले आणि त्यात प्रेमच अधिक होते. साठीच्या दशकात ही गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९७४ पासून तीच 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जगाला माहीत झाली. त्यातली शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जात मुंबईच्या रस्त्यावरून संपली. आमच्या डोंबिवलीलाही कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत तेथे मोटारी निघाल्या आणि थोड्याच वर्षांत थांबल्या. आता रिक्षावाल्याला 'प्रीमियर' म्हटले तर तो मैदानापाशी नेऊन सोडतो.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली होती. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या मनाने घेतले की ती पूर्वीसारखी करायची. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, फी वीस हजार रुपये. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. फियाटला वेगळा सांगाडा नाहीच, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तेव्हा पत्र्याला जपणे आले. भावाने दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी आणि मागची काच कुर्ल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणली. जेथे गाडी जन्मली त्या गावातच तिचे अवयव मिळाले याचा त्याला फार आनंद झाला. त्या मुठी बहुधा एखाद्या टॅक्सीच्या असतील.

मिलिंद राजाची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन भिक्षूने त्याला विचारले, महाराज, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे नेमके काय? दांडी? आस? चाके? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की या साऱ्यांच्या जुळणीला रथ हे केवळ नाव आहे. मूठ बदलली, काच बदलली, तरी गाडी अण्णांचीच, हे भावाला या कथेवरून पटवता आले असते. मला मात्र ती कथा दुसऱ्याच कारणाने बोचू लागली. रथ हे जर केवळ नाव, तर रथाखाली जो सापडला त्याने कोणाकडे बोट दाखवायचे?

कारण आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या मडगार्डला एक पोचा आहे. आहे म्हणजे, परवापर्यंत होता.

१९९१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गाडीचा डावा दिवा बंद पडला होता. अण्णा रोज म्हणत, उद्या बघतो. आठ दिवस गेले. नवव्या रात्री दहाच्या पुढे, पावसात, रस्त्यावर वीज नसताना, आम्ही परतत होतो. मी मागच्या सीटवर झोपलो होतो. कारखान्यातली पाळी संपवून एक कामगार सायकलवरून रस्त्याच्या डाव्या कडेने चालला होता. त्याच्या सायकलीलाही दिवा नव्हता. मी जागा झालो तो आवाजाने. अण्णांनी त्याला उचलून, त्याच गाडीत घालून इस्पितळात नेले, ऑपरेशनचे पैसे भरले, दोन महिने डबा पोचवला. पाय वाचला, पण गुडघा कायमचा वाकडा राहिला. पोलिसांत जाबजबाब झाले. अपघातात कायमचे अपंगत्व आले तर दोष कोणाचा हे न विचारताही बारा हजार रुपये द्यावेत, असा कायदा त्या वेळी नुकताच आला होता. विम्याचे पैसे त्यांना यथावकाश मिळाले.

आता जी गोष्ट मी लिहिणार आहे ती आजवर आमच्या घराबाहेर गेली नव्हती. धडकेत दिव्याची काच फुटली, आतला गोळाही फुटला. त्यामुळे दिवा आधीपासून बंद होता की धडकेने गेला, हे पंचनाम्यात कोणाला कळणे शक्यच नव्हते. कोणी विचारले नाही. अण्णांनी सांगितले नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा दिवा बसवून घेतला. त्यानंतर गाडी विकेपर्यंत, म्हणजे कधीच नाही, त्यांनी दिव्याच्या बाबतीत एक रात्रही हयगय केली नाही. पण मडगार्डचा पोचा मात्र त्यांनी काढू दिला नाही. लोक विचारत, गॅरेजवाले आपणहून म्हणत, दोनदा गाडीला रंग झाला तेव्हाही पोच्यावरूनच रंग मारला गेला. अण्णांनी कारण कधी सांगितले नाही. मी मोठा झालो तसे ते कारण मला माझ्याच मनाने कळले, आणि वडिलांविषयी मला जो आदर वाटे त्यातला बराचसा त्या पोच्यात साठलेला होता. माझ्या एका कादंबरीतल्या बापाच्या कपाळावर मी एक खोक ठेवली आहे, ती या पोच्यावरूनच.

गाडी औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये नेली. मिस्त्री साठीचे. उमेदवारीपासून त्यांनी फियाटचाच पत्रा ठोकला. ते पोच्याला 'डेंट' म्हणतात. मडगार्डवरून त्यांनी ओले फडके ठेवून हात फिरवला. फडक्यातून हाताला उंचसखल अधिक कळते, हे मी चित्रकलेचा मास्तर असून मला ठाऊक नव्हते. मग ते म्हणाले, "सर, हा काढायचा का ठेवायचा ते आधी बोला. लांबी भरून परवा देतो. ठोकून काढायचा तर आठ दिवस."

त्यांचे काम मी पुष्कळ पाहिले. शाळा सुटल्यावर तेथे जाऊन बसत असे. पत्रा चेपतो तेव्हा तो नुसता वाकत नाही, घडीच्या जागी तो ताणला जातो, म्हणजे पहिल्यापेक्षा वाढतो. आतून लोखंडी डॉली धरायची, बाहेरून हातोडीने हलके ठोके द्यायचे, हे झाले पहिले काम. पण ताणलेला पत्रा नुसत्या ठोक्याने मूळ जागी मावत नाही. एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो, आणि बोटाने दाबला तर डब्याच्या झाकणासारखा 'टक्' वाजतो. जास्त ठोकाल तर आणखी वाढेल. त्याला उपाय असा की ज्योतीने एक टिंब लाल होईपर्यंत तापवायचे, भोवती हलका ठोका द्यायचा आणि ओल्या चिंधीने एकदम निववायचे. तेथे पत्रा आवळतो. असे एकेक टिंब करीत जायचे. लांबी ही आळशी माणसाची वाट. अर्धा इंच लांबी चोपडली की खड्डा दिसेनासा होतो, पत्रा मात्र आत तसाच चेपलेला राहतो. फसवणूक ओळखायची तर लोहचुंबक लावून पाहावे, जाड लांबीवर तो धरत नाही. माझा भाऊ खिशात चुंबक घेऊनच येई. मिस्त्रींना त्याचा राग आला नाही. ते म्हणाले, "लावा, लावा. मी पण दुसऱ्याच्या कामाला लावतो."

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचे मठारकाम चालते. तेथे हातोडीचे ठसे ओळीने उठतात आणि तेच भांड्याचे सौंदर्य. मोटारीच्या पत्र्यावर कारागिराचा एकही ठसा दिसता कामा नये. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यावर सरळ पडले की मिस्त्री समाधानाने बिडी पेटवत. ज्याची खूण उरत नाही त्या कामात जन्म घालवणे मला अवघड वाटले. पण हे विषयांतर झाले.

"काढायचा का ठेवायचा?" या प्रश्नाला मी दोन आठवडे उत्तर दिले नाही. रस्किनने १८४९ साली जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारावर जी झोड उठवली ती मी मराठी सारांशातून वाचली आहे. त्याचे म्हणणे असे की जीर्णोद्धार हा मुळातच खोटेपणा, मेलेल्याला उठवता येत नाही तशी गेलेली इमारतही उठवता येत नाही. काळाने केलेल्या जखमा हाही इमारतीचा इतिहास, तो पुसण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपली रीत नेमकी उलटी. मूर्ती कितीही पुरातन असो, खंडित झाली की ती पूजेतून उठते. मी मनाने रस्किनच्या बाजूचा होतो. भाऊ दुसऱ्या बाजूचा. तो म्हणे, "दादा, अण्णांची गाडी अपघाताची गाडी म्हणून का उभी करायची?" त्याला दिव्याची हकीगत ठाऊक नव्हती. तो त्या वेळी दोन वर्षांचा होता. माझी बाजू मला मोठी उदात्त वाटत होती. आता वाटते, रस्किनच्या देवळांचे बरे होते. ती कोणाच्या अंगावर गेलेली नव्हती. इमारतीची जखम इमारतीची असते. आमच्या गाडीवरची खूण मुळात दुसऱ्या माणसाच्या गुडघ्याची होती, आणि ती ठेवावी की पुसावी याचा खल आम्ही दोघे भाऊ करीत बसलो होतो!

हा विचार मला आपणहून सुचला असता की नाही, सांगवत नाही. सुचला तो मिस्त्रींमुळे. चाक काढून त्यांनी मडगार्डच्या आतल्या बाजूची माती खरवडली आणि मला हाक मारली. आतून पत्र्यावर हातोडीचे ठसे होते. पंधरा-वीस, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. "हे कारागिराचं काम नाही," मिस्त्री म्हणाले. "घरगुती हातोडी. अर्ध्यावर सोडलंय."

म्हणजे अण्णांनी पोचा काढायचा प्रयत्न केला होता! चोरून, स्वतःच्या हाताने, आणि जमला नाही म्हणून सोडला होता. मी ज्याला प्रायश्चित्त समजत आलो ते केवळ जमले नाही म्हणून उरलेले खिंडार होते की काय? आईला विचारले. तिने ठसे पाहिलेही नव्हते. ती एवढेच म्हणाली, "एका दिवाळीत हात सुजला होता त्यांचा."

त्या रविवारी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. मूळचे साताऱ्याकडचे. कारखाना बंद पडून त्यांना वीस वर्षे झाली. आता मुलाकडे असतात. अण्णा दर पाडव्याला फराळाचा डबा आणि नवे कॅलेंडर घेऊन त्यांच्याकडे जात, हे मला माहीत होते. लहानपणी मीही गेलो आहे. पुढे अण्णा रिक्षाने जाऊ लागले. पेट्रोल महागले म्हणून, असे मी धरून चाललो होतो.

मी पोच्याचा विषय काढताच ते म्हणाले, "त्याच्यापायीच गाडी आणायचं बंद केलं त्यांनी." मग त्यांनी सांगितले ते असे. गाडी चाळीच्या तोंडाशी, त्यांच्या दारासमोर उभी राही. पोचा नेमका त्यांच्या बाजूला. पहिल्या वर्षी त्यांना काही वाटले नाही. दुसऱ्या वर्षीही पोचा तसाच पाहून त्यांच्या मनात आले, हा माणूस मुद्दाम दुरुस्त करीत नाही. बिनदिव्याच्या सायकलीने माझ्या गाडीचे काय केले ते मला दर दिवाळीला दाखवायला आणतो. "तोंडानं गोड बोलायचं, पर गाडी तशीच उभी करायचं." वर्षभर त्यांनी थोडेथोडे पैसे बाजूला टाकले. तिसऱ्या पाडव्याला चारशे रुपये अण्णांच्या हातावर ठेवून म्हणाले, "सायेब, गाडी नीट करून घ्या. माझ्या जिवाला लागतंय." अण्णांनी पैसे परत त्यांच्या खिशात कोंबले, चहा न घेता उठले, आणि पुढच्या वर्षापासून गाडी आणली नाही.

हात सुजला तो याच दिवाळीत असावा. ज्याला दिसू नये म्हणून ठोकायला घेतले, त्याला गाडीच दिसू न देण्याची सोय त्यांनी पुढे केली. आणि तरीही सांगितले नाही. चारशे रुपये तळहातावर असताना सांगितले नाही.

मी सांगितले. सांगायचे ठरवून गेलो नव्हतो. दिवा आठ दिवस बंद होता, एवढे वाक्य बोलायला मला बराच वेळ लागला. ते काही बोलले नाहीत. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग विचारले, "किती दिवस म्हणालात?" मी म्हटले, आठ. ते बोटांवर काही मोजत राहिले. "त्या हप्त्यात माझी पाळी दुसरी होती. दोस्तासाठी बदलून घेतलेली." आणि बऱ्याच वेळाने, "दिवा माझ्याबी सायकलीला नव्हता." मी त्यांची समजूत घालायला तोंड उघडले तर त्यांनी हाताने थांबवले. ते रागावले होते की नाही, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि अजूनही कळलेले नाही. निघताना ते काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि म्हणाले, "गाडी झाली म्हंजी दाखवायला आणा." ही हकीगत लिहू का, म्हणून पुढे मी पुन्हा जाऊन विचारले. नाव घालू नका, एवढेच म्हणाले.

भाऊ माझ्याशी अद्याप धड बोलत नाही. "अण्णा गेल्यावर तू त्यांना आरोपी केलंस," हे त्याचे वाक्य. त्याला मी काय उत्तर देऊ? अण्णांनी बत्तीस वर्षे जे केले ते खोटे होते असे मी मानत नाही. डबा खरा, रिक्षाचे भाडे खरे, सुजलेला हात तर फारच खरा. परंतु जी खूण ते स्वतःसाठी कबुली म्हणून वागवीत होते, ती ज्याच्यापुढे कबुली द्यायची त्याला ठपका म्हणून वाचता आली, आणि तसे वाचून तो पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवीत राहिला. पत्र्याला बोलता येत नाही. आपण गप्प राहून वस्तूला बोलायला लावले तर ती काय बोलेल याची हमी कोण देणार? आजीच्या तांब्याचे तसे नव्हते, ती सगळे तोंडाने सांगत होती.

मी मिस्त्रींना सांगितले, काढा. ठोकून काढा, लांबी नको. त्यांना नऊ दिवस लागले. आतले अण्णांचे ठसे त्यात आपोआपच गेले, डॉली त्यांच्यावरच धरावी लागली. एक-दोन कडेला उरले होते. आतून गंज धरू नये म्हणून डांबरासारखा काळा थर द्यावा लागतो. तो द्यायचा ना, असे मिस्त्रींनी विचारले आणि मी हो म्हटले.

मडगार्डवर आता करडा प्रायमर आहे. ओल्या फडक्यातून हात फिरवून पाहिला, जागा सापडत नाही. रंग राहिला आहे. जुन्या पद्धतीचाच रंग द्यायचा, असा भावाचा हट्ट, आणि तो दमट हवेत मारला तर पांढरट धुरकटतो. म्हणून मिस्त्री कोरड्या हवेची वाट पाहत आहेत. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर गणपतीच्या देवळापाशी पोरांची गर्दी जमायच्या आत गाडी तेथून एकदा फिरवून आणू, असे भाऊ फोनवर आईला म्हणाला. पाडव्याला सागावला कोण नेणार, हे मात्र त्याने विचारले नाही.